ऊन एकच, लिप्या तीन

गुलबर्ग्याकडच्या आळंदहून निघालेली बस तुम्हाला मादन हिप्परग्यात उतरवते तेव्हा १९७३ चा नोव्हेंबर नुकताच लागलेला आहे. राज्याचं नाव बदलून चार दिवस झालेत. १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्य कर्नाटक झालं, आणि ज्या ज्या पत्र्यावर जुनं नाव होतं तो पत्रा आता पेंटरच्या दारात यायचा आहे. शिवारात तूर पिवळ्या फुलांवर आली आहे. थांब्यावर कंडक्टर कन्नडात ओरडतोय, चहावाला दखनीत उधारी सांगतोय, बाकावरची म्हातारी नातवाला मराठीत दटावतेय, आणि तिघांनाही एकमेकांचं सगळं कळतंय.

कडुलिंबाखाली एक पेंटर उकिडवा बसलाय. समोर पत्रा, बाजूला रंगाचे चार डबे, टर्पेंटाईनची बाटली, चिंध्या.

‘या पावनं, बसा. पत्र्याला तेवढा हात लावू नका, वल्ला हाय.’

बसा. पत्रा लाकडी चौकटीवर ठोकलेला आहे. त्याला आधी तांबडा ऑक्साईड, मग पिवळ्या ऑइलपेंटचे दोन हात, मधे पॉलिश पेपरची घासणी. पाटी तूरडाळीच्या दुकानाची आहे. वर कन्नड, मधे मराठी, खाली उर्दू, आणि तिन्ही ओळींच्या शेवटी गावाचं नाव. खडूच्या भुकटीत बुडवलेली दोरी दोन टोकांना ताणायची, मधे चिमटीत धरून सोडायची, की पत्र्यावर पांढरी सरळ रेघ उठते. मराठीच्या ओळीत ही रेघ म्हणजे शिरोरेषेची जागा. कन्नडची गोल अक्षरं तळाच्या रेघेवर बसतात. उर्दूचा शब्द उजवीकडे वरून निघतो आणि डावीकडे उतरत येऊन शेवटाला रेघेला टेकतो. म्हणजे एक लिपी रेघेला लोंबते, दुसरी रेघेवर बसते, तिसरी रेघेकडे घसरत येते. तिघींना एका पत्र्यावर नांदवायचं काम या माणसाकडे आहे.

अक्षरं कालच लाल रंगाने भरून झालीत. रात्रभर वाळलीत. आज त्यांना छाया द्यायची, मग कड काढायची.

तुम्ही विचारता, ‘छाया कुठल्या बाजूला?’

‘उजवीकडं, खालतं. ऊन डाव्या हाताला वरून येतंय असं धरायचं.’

‘उर्दूलाही तसंच? ती तर उजवीकडून चालते.’

‘अक्षर कुठूनबी चालू दे. ऊन एकच हाय की वो.’

हे वाक्य नीट ऐकून ठेवा. छायेच्या अक्षराचा सगळा कायदा त्यात आला. कन्नडच्या ओळीत छाया एकीकडे आणि उर्दूच्या ओळीत दुसरीकडे पडली, तर पाटीवर दोन सूर्य उगवतील. वाचणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण डोळा अडखळेल. तीन लिप्यांच्या पाटीला एकसंध करते ती ही समजूत, की तिघींवर एकाच बाजूने उजेड पडतोय.

छायेचा रंग तो डब्यातून थेट घेत नाही. जमिनीचाच, म्हणजे पत्र्याच्या पार्श्वभूमीचाच, पिवळा घेतो, त्यात काळ्याचे थेंब टाकतो, किंचित तांबडा घालतो. काडीने ढवळल्यावर उन्हात पडलेल्या सावलीसारखा मळकट तपकिरी रंग तयार होतो. पिवळ्या भिंतीवर पडलेली सावली निव्वळ काळी कधीच नसते. सरसकट काळी छाया मारणारे पेंटर पुष्कळ, पण जमिनीच्या रंगातून छाया काढणाऱ्याची पाटी लांबूनही वेगळी ओळखू येते.

आता ब्रश तुमच्या हातात देतो. सुरुवात ‘मादन’पासून करा.

म सोपा आहे. उजवीकडे उभा दंड, त्याच्या उजव्या कडेला वरून खाली एक सरळ फटकारा, आणि काम झालं. देवनागरीत ही मोठी सोय आहे. म, न, प, स, व, ब, त, घ अशा कितीतरी अक्षरांचा दंड उजवीकडे असतो, म्हणून उजवीकडची छाया एका हातात उतरते. इंग्रजी पाट्या रंगवणारे परदेशी कारागीर बरेचदा छाया डावीकडे देतात, कारण बी, डी, पी, आर यांची पोटं उजवीकडे सुटलेली आणि दंड डावीकडे. प्रत्येक लिपी आपला सोयीचा सूर्य निवडते. दंडाची गोष्ट धरली तर देवनागरीला डावीकडचं ऊन मानवतं.

पण दला दंडच नाही. तो शिरोरेषेला आखूड देठाने लोंबतो आणि खाली शेपूट सोडतो. त्याची छाया वळणाबरोबर फिरवावी लागते, कुठे जाड कुठे बारीक, आणि शेपटाखाली ती हळूच संपवावी लागते. इथे तुमचा हात थरथरतो. पेंटर काही बोलत नाही. चिंधी टर्पेंटाईनमध्ये बुडवून पुसतो आणि पुन्हा ब्रश देतो.

‘हिप्परगा’ त्याहून कठीण. ‘हि’च्या वेलांटीची कमान शिरोरेषेच्या वर जाते. छाया पुरती दिली तर ती शिरोरेषेवरच येऊन पडते आणि कमान व रेघ यांच्यातली मोकळी जागा बुजते, म्हणून तिथे ती बारीक करायची. प्प मध्ये पहिल्या पला दंड नाही, त्याचं पोट थेट दुसऱ्या पला चिकटतं. तिथे छायेला जागाच नाही, म्हणून ती सोडून द्यायची. आणि सगळ्यात अवघड शेवटचा गा. गचा एक दंड, लगेच शेजारी काना, दोन उभे खांब. पहिल्या खांबाची छाया दुसऱ्यावर चढते. पेंटरने हे काल अक्षर आखतानाच ओळखलं होतं. दोन दंडांमधलं अंतर त्याने इतर ठिकाणांपेक्षा दीडपट ठेवलंय, आणि तुम्हाला ते आत्ता कळतंय. छाया शेवटी रंगवतात, पण तिची जागा आधी धरून ठेवावी लागते.

मग शिरोरेषेची छाया. डावीकडून वरून ऊन आलं तर या आडव्या पट्टीची छाया तिच्या खाली, शब्दभर पडायला हवी. तशी दिली तर प, म, न यांच्या आतली मोकळी जागा वरून अंधारते आणि अक्षरं लांबून वाचता येत नाहीत. पेंटर काय करतो बघा. दंडाची छाया बोटभर जाड, शिरोरेषेखालची त्याच्या निम्म्याहून कमी. भूमितीला हे धरून नाही, पण वाचणाऱ्याला धरून आहे. उन्हाचा कायदा पाळायचा, पण अक्षर वाचता यायला हवं, आणि दोन्हींत भांडण लागलं तर अक्षराचं ऐकायचं. मला हा निर्णय कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या नियमापेक्षा मोठा वाटतो.

शेवटी कड. बारीक ब्रशने, काळ्या रंगाने. ‘मादन’ची कड मच्या डाव्या टोकाला सुरू होते, शिरोरेषेच्या वरून सरळ नपर्यंत जाते, वळते, आणि एकेका अक्षराच्या पोटातून, दंडाभोवतून परत येते. म आणि दच्या मधे ती शिरोरेषा तोडत नाही. चार अक्षरखुणांचा शब्द, पण बाहेरची कड सलग एक. वरच्या कन्नड ओळीत मात्र प्रत्येक अक्षराला आपापली कड आहे, आणि जोडाक्षरातला दुसरा वर्ण खाली बसतो तिथे त्यालाही स्वतःची. हा फरक लक्षात ठेवा. पुढच्या प्रवासात तो आपल्याला पुन्हा पुन्हा अडवणार आहे.

आता सतरा वर्षं मागे चला. ३१ ऑक्टोबर १९५६ ची रात्र. हैदराबाद राज्याचा हा शेवटचा दिवस. उद्या उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बीदर जिल्ह्यातले तालुके मुंबई राज्यात जातील. आळंद गुलबर्ग्याबरोबर म्हैसुरात जाईल. सरकारी दारांवरच्या पाट्यांत वरची ओळ कुणाची आणि खालची कुणाची, हा क्रम सकाळपासून बदलू लागेल. पुढे १९७३ मध्ये, आणि २०१४ मध्ये गुलबर्गा अधिकृतपणे कलबुर्गी झालं तेव्हाही, तारीख हीच होती, १ नोव्हेंबर. या भागातल्या पेंटरला राज्यव्यवहाराचा इतिहास तोंडपाठ असण्याचं कारण हे आहे. प्रत्येक फेरा त्याच्या ब्रशखालून गेलेला असतो.

इथून लांब उडी. १८१५, लंडन. व्हिन्सेंट फिगिन्स नावाच्या, छपाईचे खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं पाडणाऱ्या कारखानदाराचं नमुन्याचं पुस्तक तुमच्यासमोर उघडलं जातं. एका पानावर जाडजूड अक्षरं आहेत, आणि ती कागदातून उठून बाहेर आल्यासारखी दिसतात. छापील खिळ्यांत छायेचं अक्षर दिसतं ते इथपासून. जवळ जाऊन बघा. अक्षराचा चेहरा छापलेलाच नाही, तो कोरा कागद आहे. शाई आहे ती फक्त बारीक कडेला आणि उजव्या-खालच्या छायेला. डोळा कोऱ्या जागेला अक्षर समजतो. लॉटरीच्या, नाटकांच्या, लिलावाच्या जाहिराती रस्त्यावर एकमेकींशी झगडू लागल्या होत्या, त्या गर्दीत पुढे घुसायला हे अक्षर जन्मलं. पुढे १९३० च्या दशकात शिकागोच्या रॉबर्ट हंटर मिडलटन यांनी ‘अंब्रा’ हा टाइप काढला आणि कडही टाकून दिली. नुसती छाया छापली, तरी अक्षर वाचता येतं.

रोमन अक्षरांना हे जमलं, कारण ती सुटी उभी असतात. एसची छाया एसच्याच खिळ्यावर मावते.

मुंबईला या. १८६९. काळबादेवीच्या कोलभाट गल्लीत जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना उभा राहिलाय. खिळे पाडण्याचा त्यांचा कारखाना त्याच्या पाच वर्षं आधीचा, १८६४ चा. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कसबी कारागीर पोलादाच्या तुकड्यावर उलटं अक्षर कोरतोय. तो ठसा तांब्यात ठोकला की साचा, आणि साच्यात शिसं ओतलं की खिळा. या हातांनी देवनागरीला जे सुबक, सडसडीत रूप दिलं त्यातून मराठी आणि संस्कृत ग्रंथांच्या पिढ्या छापल्या गेल्या. त्या खिळ्यांकडे बघून मन भरून येतं.

पण तुमच्या मनात गा घोळतोय. या कारागिराच्या जागी बसा आणि छायेचा देवनागरी खिळा कसा पाडायचा ते ठरवा. मचा दंड खिळ्याच्या अगदी उजव्या काठावर. त्याच्या उजवीकडे छाया द्यायची तर तिला बसायला शिसंच उरत नाही. छायेसाठी खिळा रुंद करा, तर शिरोरेषा तुटते. छाया खिळ्याबाहेर लोंबती ठेवा, तर चार छपायांत तिचा टवका उडेल. शिरोरेषेखालची छाया एका खिळ्यातून दुसऱ्यात जाताना केसभर वरखाली झाली तरी शब्दभर पायऱ्या दिसतील. वर मात्रा, रफार, अनुस्वार वेगळ्या तुकड्यांनी जुळवायचे, तेव्हा त्यांची छाया कुणाच्या अंगावर? कोड्याचं मूळ एकच आहे. देवनागरीत छाया शब्दाला पडते, आणि खिळा अक्षराचा असतो.

म्हणून मराठीत छायेचं अक्षर फुललं ते हाताने. शिळाप्रेसवर दगडावर उलटं लिहिणाऱ्याला डावीकडचं ऊन उजवीकडे कल्पावं लागे, म्हणजे छपाईत ते जागेवर येई. कोल्हापुरात नाटकाचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळले आणि १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. पडदा, पोस्टर आणि कॅमेरा या तिन्हींत उजेड कुठून येतो हा प्रश्न एकाच माणसाला पडत होता. गुलबर्ग्यात १९१६ साली जन्मलेले एस. एम. पंडित मुंबईत जाऊन सिनेमाची पोस्टरं आणि कॅलेंडरं रंगवून देशभर पोचले. त्यांच्या देवदेवतांच्या अंगावरचं तेज आणि गावच्या पाटीवरची छाया एकाच कुळातली आहेत. आणि कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींतून शीर्षकाचं अक्षरच नाटकाचं पात्र केलं, तेही निव्वळ काळ्या-पांढऱ्यात.

आणखी मागे जायचंय, आणि आता परत आपल्याच मुलखात. पंधराव्या शतकातला बीदरचा किल्ला. दाराच्या माथ्यावर फारसी लेख बसवलाय. अशा लेखांत बहुधा अक्षराभोवतीचा दगड खोदून काढतात आणि अक्षर उठावाचं ठेवतात. सकाळी डावीकडून ऊन आलं की प्रत्येक अक्षराची खरीखुरी छाया उजवीकडे दगडावर पडते. फिगिन्सने कागदावर जे केलं ते इथे सूर्य रोज करतोय.

तिथून हुमनाबादजवळच्या जलसंगीला या. कल्याणीच्या चालुक्यांचा काळ, सहाव्या विक्रमादित्याचं राज्य, १०७६ ते ११२६. मंदिराच्या भिंतीवर दगडातली एक स्त्री पाठमोरी वळून शिळेवर लेख लिहितेय, राजाच्या स्तुतीचा. जगात लेख पुष्कळ आहेत, पण लेख लिहिणारीचं शिल्प आणि तिने लिहिलेली ओळ एकाच दगडात सापडणं दुर्मीळ. तिची अक्षरं दगडात खणलेली आहेत. डावीकडून ऊन आलं तर खणलेल्या रेघेची डावी भिंत काळी पडते आणि उजवी उजळते, बीदरच्या बरोबर उलट. ऊन तेच, पण अक्षर आत गेलं की छाया बाजू बदलते. आपल्या पेंटरने पत्र्यावर छाया उजवीकडे टाकली तेव्हा त्याने बीदरचा उठाव निवडला. उद्या त्याने तीच छाया अक्षराच्या आत डावीकडे टाकली, तर पाटी जलसंगीसारखी कोरलेली दिसेल. दोन्ही वाटा त्याच्याच मुलखात दगडावर लिहून ठेवलेल्या आहेत.

आता आजच्या दिवसात या. फ्लेक्सचं दुकान, एसी, संगणक. मुलगा श्री-लिपीत ‘मादन हिप्परगा’ टाइप करतो, कोरलड्रॉमध्ये आणतो, कड देतो. पडद्यावर बघा. शिरोरेषेवर प्रत्येक जोडापाशी एक उभी रेघ उमटलीय. म वेगळा, काना वेगळा, द वेगळा. कारण फॉन्टमध्येही अक्षर सुटंच साठवलेलं आहे, निर्णयसागरच्या खिळ्यासारखं, आणि कड प्रत्येक सुट्या आकाराभोवती फिरते. मुलाला हे ठाऊक आहे. तो सगळी अक्षरं निवडतो, ‘वेल्ड’ची आज्ञा देतो, शब्द एकजीव होतो, मग कड देतो आणि मग छाया. कडुलिंबाखालच्या पेंटरने जे न सांगता केलं होतं तेच हे. पण गाच्या दोन दंडांतलं अंतर कुणी वाढवलेलं नाही, शिरोरेषेखालची छाया कुणी निम्मी केलेली नाही. यंत्र सगळीकडे सारखीच छाया देतं, म्हणून ही पाटी लांबून गढूळ दिसते.

हे सुधारता येतं, आणि उपाय जुनाच आहे. अमेरिकेत विल्यम पेज यांनी १८७४ मध्ये लाकडी ठशांचं एक पुस्तक काढलं. त्यात एकेका रंगासाठी अक्षराचा वेगळा ठसा होता, एकावर एक छापायचा. देवनागरीचा छायेचा फॉन्ट तसाच थरांचा हवा. सगळ्यात खाली संपूर्ण शब्दाची छाया, तिच्यावर भरीव अक्षर, वर कड. छाया खालच्या थरात असली की एका अक्षराची छाया दुसऱ्याच्या चेहऱ्यावर चढत नाही. कडेच्या थरात शिरोरेषेची दोन्ही टोकं उघडी ठेवायची, आणि शब्दाच्या आरंभी व शेवटी ती मिटणारी पर्यायी रूपं द्यायची. आजच्या फॉन्टला शब्दातली जागा ओळखून रूप बदलता येतं. गासारख्या जोड्यांचं अंतर हाताने लावायचं. कॅथरीन ली श्मिट यांनी मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून ‘यात्रा वन’ हा फॉन्ट केला. ‘एक टाइप’च्या मंडळींनी ‘मोदक’मध्ये अक्षराच्या पोटात जेमतेम फट ठेवूनही ते वाचतं ठेवलं. सीमाभागातल्या पाट्यांवरून कन्नड, देवनागरी आणि उर्दू या तिन्ही लिप्यांचा, एकाच उन्हातला, छायेचा फॉन्ट कुणीतरी करायला हवा. कलबुर्गी, बीदर, सोलापूर, लातूरच्या कलाशाळांतून शिकणाऱ्या मुलामुलींनो, हे काम तुमच्या दारात आहे.

आणि बाकीच्या वाचकांनो, तुमच्या गावात हाताने रंगवलेली अशी एखादी पाटी अजून असेल तर ती उतरण्याआधी बरोबर समोर उभं राहून तिचा फोटो घ्या, तिरका नको. पाटीच्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरात बहुधा पेंटरचं नाव असतं. तेही फोटोत येऊ द्या, आणि पेंटर हयात असेल तर त्याला भेटून विचारा, गाच्या दोन दंडांत त्याने किती अंतर ठेवलं होतं.